मधे चादर, दोन्हीकडे अभ्रे

जहाजावर पाऊल ठेवायच्या आधीच आप्पांची इस्त्री जप्त झाली.

सामान तपासणाऱ्या माणसाने ती बॅगेतून बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, हे काय? आता इस्त्रीला इस्त्री नाही तर काय म्हणायचं? आप्पांनी तेच सांगितलं. तो म्हणाला, खोलीत इस्त्री न्यायला बंदी आहे, आग लागते. झालं, आप्पांचा पारा चढला. सगळा जन्म माझा इस्त्रीवर गेला, ते म्हणाले, आजवर साधा रुमाल जाळला नाही, तुमचं जहाज कशाला जाळू? मागे रांग खोळंबली होती. मुलाने आप्पांचा दंड धरला, सूनबाईने त्या माणसाशी गोड बोलून वेळ मारून नेली, आणि माई, म्हणजे आप्पांची बायको, आपण ह्या गृहस्थांना ओळखतच नाही असा चेहरा करून पुढे निघून गेली.

सहलीला इस्त्री कशाला, असं कोणीही विचारील. तर त्याच बॅगेत अगदी वर, मऊ कागदात गुंडाळलेला एक पिवळा फ्रॉक होता. माईने शिवलेला, आप्पांनी खळ देऊन कडक केलेला, पाच वर्षांच्या पोरीच्या मापाचा. प्रवासात तो चुरगळणार, आणि चुरगळलेला फ्रॉक नातीच्या हातात ठेवायचा म्हणजे लाँड्रीवाल्याने तोंड कुठे दाखवायचं? पण हे त्या तपासणाऱ्याला सांगायचं तर नातीला जन्मापासून एकदाही पाहिलेलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून आप्पा मुकाट्याने इस्त्री सोडून आत गेले.

नात होती तिसऱ्या बेटावर. मुलाने सहलीची टूम काढली तेव्हा त्याने बहिणीचा विषयसुद्धा काढला नव्हता. हिवाळ्यात गर्दी नसते, तीन बेटं बघून होतात, गरम पाण्याचा तलाव आहे, आपण चौघं मिळून कधी कुठे गेलोच नाही, असं काय काय तो बोलत राहिला. जाहिरातीतल्या चित्रात समुद्र ताटात वाढल्यासारखा शांत होता. माई विणकाम करत होती, तिने मान वर केली नाही. सूनबाई उगाचच चहा ढवळत राहिली. आप्पांनी विचारलं, तिसऱ्या बेटावर किती वेळ थांबतं? दुपारभर, मुलगा म्हणाला. मग दुकान बंद ठेवायला हरकत नाही, आप्पा म्हणाले. जे दुकान त्यांनी स्वतःच्या आजारपणातही बंद ठेवलं नव्हतं ते बंद ठेवायला हरकत नाही म्हणाले, आणि घरातली तिघंही एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागली.

आता मुळापासून सांगायला हवं. आप्पांची लाँड्री गल्लीच्या मध्यावर. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीभर दोऱ्या. धुतलेल्या कपड्यांची बोचकी घरोघरी पोचवायला आप्पा आणि मुलं बाहेर असायची आणि माईने हाका मारून मारून घसा बसवून घ्यायचा. शेवटी तिने युक्ती काढली. रस्त्याकडच्या दोरीवर मधे एक चादर आणि तिच्या दोन्हीकडे उशीचा एकेक अभ्रा दिसला की समजायचं, जेवण तयार आहे, वर या. ज्याला दिसलं त्याने गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून हातातलं बोचकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं. म्हणजे आलोच. आणि गच्चीच्या टोकाच्या खांबाला निळीने रंगलेलं एक जुनं कापड लावलेलं असलं तर मुलांनी वर पाऊल टाकायचं नाही, कारण डाग काढायच्या तीव्र पाण्याचं घंगाळ उघडं आहे, डोळ्यांत उडालं तर पंचाईत. शेजारपाजारच्यांना ही नुसती वाळत घातलेली कापडं वाटायची. घरातल्यांना मात्र ती दुरून वाचता यायची.

थोरली मुलगी ह्याच दोऱ्यांखाली रांगली, वाढली. कोळशाच्या इस्त्रीतून उडते तशी, म्हणून आप्पा तिला ठिणगी म्हणायचे. हात असा की कॉलरीची इस्त्री करावी तर तिनेच. आप्पांनी मनातल्या मनात दुकान तिच्या नावावर करूनही टाकलं होतं, फक्त तिला विचारायचं राहिलं होतं. आणि तिने लग्न ठरवलं ते बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी. तेलाने माखलेले डगले धुवायला टाकायला यायचा तो. त्याच्याबरोबर त्याच्या बेटावर जाऊन राहायचं म्हणाली. आप्पांनी आकांडतांडव केलं, नको नको ते बोलले आणि शेवटी म्हणाले, जायचं तर जा.

ती गेली. पण गल्लीच्या कोपऱ्यावर तिचा पाय अडला. परत फिरावं, दोन शब्द बोलावे, रडून घ्यावं आणि मग जावं, असं तिला वाटलं. सवयीने तिने गच्चीकडे नजर टाकली. खांबाला निळं कापड फडकत होतं. वर येऊ नका.

आता खरं म्हणजे ते कापड सकाळी लावलेलं होतं. घंगाळ दुपारीच झाकलं गेलं होतं आणि भांडणाच्या नादात कापड काढायचं राहून गेलं होतं, एवढीच काय ती गोष्ट. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीने त्या चिंधीकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण ही लाँड्रीवाल्याची मुलगी. ती तशीच वळली आणि गेली.

आप्पांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगी गर्विष्ठ निघाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं धरून ते बसले होते. पुढे माई तिच्या बाळंतपणाला बेटावर जाऊन आली आणि तिने सगळं सांगितलं. आप्पा तेव्हा एका गिऱ्हाइकाचा सदरा इस्त्री करत होते. इस्त्री होती तिथेच राहिली आणि सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. म्हणजे बघा, तपासणीवाल्याला आप्पा खोटं बोलले होते.

माईने फोनवर मुलीला खुलासा केला, अगं, ते तुझ्यासाठी नव्हतं. मुलगी म्हणाली, जाऊ दे गं माई, झालं ते झालं. ह्याचा अर्थ काय लावायचा, तुम्हीच सांगा. पटलं म्हणून झालं ते झालं, की पटलं नाही म्हणून? आप्पांना ते वाक्य बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. आपण स्वतः सांगावं म्हणून ते फोन घ्यायचे, पण हात कामात असले तरच ह्या माणसाची जीभ सुटायची. हातात फोन आला की ती टाळ्याला चिकटायची. मग विचारायचे, पाणी कसं आहे तिकडे? जड की हलकं? ती म्हणायची, जड आहे आप्पा, साबणाला फेसच येत नाही. हं, असं म्हणून ते फोन माईकडे द्यायचे. एवढ्या वर्षांत बापलेकीचं जे बोलणं झालं ते पाण्याबद्दल.

म्हणून आता तिच्यासमोर उभं राहायचं होतं. तिच्याकडे बघून एकच गोष्ट सांगायची होती, की पोरी, ते कापड तुझ्यासाठी नव्हतं. ह्या खेपेला नाही जमलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे त्यांचं त्यांना माहीत होतं.

आणि हवेला नेमकं ह्याच वेळी बिघडायचं होतं.

पहिल्या बेटाच्या सकाळी खिडकीला पाणी नुसतं थडाथड आपटत होतं. कप्तानाचा आवाज भिंतीतल्या जाळीतून आला. फार मृदू आवाज, डॉक्टर वाईट बातमी सांगताना काढतात तसा. वारा अनुकूल नसल्याने आज बेटावर उतरता येणार नाही, क्षमस्व. लोकांनी नाकं मुरडली आणि नाश्त्याला रांग लावली. दुसऱ्या बेटाला छोट्या होड्यांतून उतरायचं होतं, पण होड्या पाण्यात सोडायच्या म्हटलं तर त्या लाटेबरोबर पहिल्या मजल्यापर्यंत वर यायच्या. पुन्हा क्षमस्व. गरम पाण्याच्या तलावात चिटपाखरू नव्हतं. प्रवासी स्वेटर, टोप्या, मोजे घालून पत्त्यांच्या टेबलांना धरून बसले होते. मुलगा खोलीत आडवा झाला होता आणि जेवणाचं नाव काढलं तरी भिंतीकडे तोंड फिरवत होता.

आप्पांना जहाज लागलं नाही, कारण आप्पा जहाजाकडे लक्षच देत नव्हते. ते फ्रॉक घेऊन इस्त्री शोधत फिरत होते. जिने उतरत उतरत शेवटी त्यांच्या नाकात ओळखीचा वास शिरला. साबण, वाफ, ओला सुती कपडा. त्या वासाच्या मागोमाग ते जहाजाच्या पोटातल्या लाँड्रीत जाऊन थडकले.

तिथल्या मुख्य एक धिप्पाड बाई होत्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आवाज यंत्राच्या वरताण. प्रवाशांना इथे यायची मनाई आहे, असं त्या सांगणार तोच आप्पांनी टेबलावरचा टेबलक्लॉथ बघून विचारलं, ह्याला खळ जरा पातळ झाली का हो? बाईंनी टेबलक्लॉथचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाल्या, दोन दिवस सांगतेय मी ह्यांना, कोणी ऐकेल तर शपथ. जमलं त्यांचं. त्या दिवसापासून आप्पा रोज सकाळी खाली जाऊन फ्रॉकवर इस्त्री फिरवायचे आणि हात कामात असल्यामुळे घडाघडा बोलायचे. ठिणगी, गच्ची, निळं कापड, सगळं त्या बाईंना कळलं. जे सख्ख्या मुलीला सांगता आलं नाही ते आप्पांनी वाफेच्या धुरात एका परक्या बाईंना सांगितलं. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, भेटेल हो, तिसऱ्या बेटाला वारा पडेल.

वारा पडला नाही. तिसऱ्या बेटाच्या दिवशी नाश्त्याच्या वेळीच तो मृदू आवाज आला. बेटाच्या धक्क्यावर लाटा फुटत असल्याने आजही उतरता येणार नाही. मात्र दुपारी जहाज बेटाच्या आडोशाने, किनाऱ्याजवळून जाईल, प्रवाशांनी डाव्या बाजूने दृश्याचा आनंद घ्यावा.

आप्पांच्या हातातला पाव हातातच राहिला. माईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलगा, अजून पिवळाच दिसत होता बिचारा, कप्तानाला जाऊन भेटतो म्हणाला, आणि गेलाही. पण समुद्रापुढे कप्तान तरी काय करणार? माईच्या फोनवर मधेच सिग्नलच्या जरा रेघा दिसल्या तशी तिने मुलीला फोन लावला. ठिणगीला सगळं माहीत होतं, धक्का समोरच तर होता तिच्या. ती म्हणाली, मी तरी येते माई, धक्क्याच्या वरच्या उतारावर उभी राहते पोरीला घेऊन, लांबून तरी. माई म्हणाली, थांब, आप्पांना देते. आप्पांनी फोन कानाला लावला आणि नेमक्या त्या रेघा गेल्या. हॅलो, हॅलो, असं म्हणत ते नुसते बसून राहिले. मग फोन टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "तिला वाटेल, आप्पा ह्याही वेळी बोलले नाहीत."

ह्या एका वाक्याने माईच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा मात्र उठले. खुर्ची मागे सारून तडक लाँड्रीकडे निघाले, आणि काय डोक्यात आलंय ते न कळून घरची तिघं त्यांच्यामागे निघाली.

खाली जाऊन त्यांनी बाईंकडे एक चादर आणि दोन अभ्रे मागितले. एवढंच? बाईंच्या लगेच लक्षात आलं. म्हणाल्या, आप्पा, एवढ्या लांबून तुमचे अभ्रे म्हणजे पोस्टाची तिकिटं दिसतील. मोठं घ्या. मग हिशेब ठरला. चादरीच्या जागी मेजवानीच्या लांब टेबलाचा टेबलक्लॉथ, अभ्र्यांच्या जागी दोन चादरी. प्रमाण तेच.

मुलगा म्हणाला, पण आप्पा, जहाज पांढरं आहे. पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसणार? तलावाचे टॉवेल आहेत की ढीगभर, कोणी वापरत नाही, चांगले गडद नि… आणि त्याने जीभ चावली. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं उरलंसुरलं जहाज लागणंही उतरलं. निळं सोडून काहीही, आप्पा म्हणाले. पण पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळे विचारात पडले.

तोड सुचली ती सूनबाईला. चढताना तिने जहाज खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं होतं. ती म्हणाली, वरचं पांढरं आहे, पण खालचं पोट काळपट निळं आहे ना? फिरायच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडलं तर निळ्यावर पांढरं येईल. आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला, पण तो साबणाने ओला होता म्हणून मागे घेतला. "निळ्याच्या वर पांढरं," ते पुटपुटले. "हे बरं झालं. फार बरं झालं."

उरला वारा. सुकं कापड असल्या वाऱ्यात दोरीला गुंडाळून बसतं, त्याचा वाचायला काही उपयोग नाही. आप्पा म्हणाले, यंत्रातनं न पिळता काढा, ठिबकतं असू दे, वजनाने सरळ लोंबेल. बाईंनी खालच्या कोपऱ्यांत साबणाच्या वड्या घालून गाठी मारल्या. मग ती सगळी वरात ओलं बोचकं घेऊन जिने चढू लागली. पुढे आप्पा, मागे बाई, त्यांच्यामागे मुलगा आणि सूनबाई, सगळ्यांत शेवटी फोन उंच धरून रेघा शोधणारी माई. पत्ते खेळणारे लोक तोंडाचा आ करून बघत होते.

फिरायच्या मजल्यावर वाऱ्याने कान बधिर केले. बेट समोर दिसायला लागलं होतं, करडं, उतरत्या छपरांच्या घरांचं. आप्पांनी मधला टेबलक्लॉथ कठड्याला बांधला, मुलाने आणि सूनबाईने दोन्हीकडच्या चादरी. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती, तरी आप्पांनी सूनबाईची गाठ सोडून परत मारायला लावली, कारण चादर हातभर तिरकी होती. तिरकं वाळत घातलेलं त्यांच्याच्याने बघवत नाही, त्याला कोण काय करणार! मग त्यांनी कोटाच्या आतून पिवळा फ्रॉक काढला. रोज इस्त्री केलेला, बाहीची चुणीसुद्धा जागच्या जागी. माई म्हणाली, अहो, खारं पाणी उडतंय, सगळी खळ जाईल. जाऊ दे, आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या चादरीच्या पलीकडे त्यांनी तो फ्रॉक दोन्ही खांद्यांना धरून बांधला. जेवायला बोलवायचं तर पोरीलाही बोलवायला नको का?

एवढ्यात गणवेशातला एक अधिकारी धावत आला. हे काय चाललंय म्हणून विचारू लागला. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दिसत नाही का, कपडे वाळत घातलेत. असल्या वाऱ्यात? त्याने विचारलं. माझी लाँड्री मला शिकवू नका, बाई म्हणाल्या. तो बिचारा आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून काय समजायचं ते समजला आणि टोपी धरून बाजूला उभा राहिला. तलावावरच्या पहारेकऱ्याला थंडीमुळे काहीच उद्योग नव्हता, त्याची दुर्बीण बाईंनी आधीच मागून आणली होती. ती आप्पांच्या हातात आली.

जहाज बेटाच्या आडोशाला शिरलं आणि वारा जरा उतरला. कापडं सरळ झाली. आप्पांनी दुर्बिणीतून आधी धक्का पाहिला. पांढरं पाणी उसळत होतं. मग वरचा उतार. तिथे थोडी माणसं होती. त्यांत एक मोठा डगला घातलेली बाई, तेलाचे डाग न गेलेला डगला, आणि तिच्या हाताला धरलेलं टोपीतलं एक ठेंगणं पोर.

"दिसली," आप्पा म्हणाले. 

ठिणगी हात हलवत होती. पण सगळेच हलवत होते. जहाज दिसलं की माणूस हात हलवतोच, त्यात काय? ती पुढच्या टोकाकडे बघत होती, मग वरच्या मजल्यांकडे, एकेका खिडकीकडे. खाली तिची नजर येतच नव्हती. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. जहाज काही थांबलं नव्हतं, उतार हळूहळू मागे सरकायला लागला होता. मुलगा, सूनबाई, बाई, तो अधिकारीसुद्धा, सगळे उताराकडे बघत उभे. माईने डोळे मिटून घेतले होते.

आणि दुर्बिणीत तो हात हवेत थांबला.

ती एकदम निश्चल झाली. मग हळूहळू हात खाली आला आणि तोंडावर गेला. आप्पा म्हणाले, वाचतेय. चादर, अभ्रे, आणि ते पिवळं काय आहे ते वाचतेय. ती खाली वाकली. उठली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं, आणि तिने ते झटक्यात उचलून डोक्यावर धरलं. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून धरायची तस्सं. पाय जरा फाकवून, मान ताठ ठेवून.

"आली," आप्पा ओरडले. "अगं, बोचकं डोक्यावर घेतलंन्. येते म्हणतेय."

माईने दुर्बीण त्यांच्या हातातून ओढून घेतली. डोळ्यांना लावली आणि रडता रडता हसायला लागली. अहो, बोचकं कसलं, ती म्हणाली, पोर आहे ती, तुमची नात. डोक्यावर बसून दोन्ही हात हलवतेय.

मग आप्पा रडले. आडपडदा न ठेवता, कठड्याला धरून, सगळ्यांदेखत रडले. मुलाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बापाच्या पाठीवरून हात फिरवायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती आणि त्याला ते नीट जमतही नव्हतं. जहाज पुढे सरकलं. उतारावरच्या त्या दोघी एकावर एक अशा, दिसेनाशा होईपर्यंत तशाच उभ्या होत्या.

कापडं उतरवायला घेतली तेवढ्यात माईचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि एक शब्द न बोलता फोन आप्पांपुढे धरला. आप्पांच्या एका हातात भिजलेला फ्रॉक होता. तो त्यांनी सोडला नाही. तसाच पिळत पिळत त्यांनी फोन कानाला लावला.

पलीकडून आधी नुसता वारा आणि धाप ऐकू आली. मग जिना चढून आल्यावर विचारायची त्याच सुरात ठिणगीने विचारलं, "आप्पा, जेवायला काय आहे?"

"तू म्हणशील ते," आप्पा म्हणाले. आणि हातात काम असल्यामुळे असेल, त्यांची जीभ चिकटली नाही. "ठिणगे, त्या दिवशीचं ते निळं कापड तुझ्यासाठी नव्हतं गं. काढायचं राहून गेलं होतं. तू आली असतीस तर मी जिन्यातच येऊन उभा राहिलो असतो."

 ती म्हणाली, "माईने सांगितलं होतं. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, आप्पा. मी वाट बघत होते, आणि तुम्ही आपले पाणी कसं आहे ते विचारायचात." हे बोलताना ती हसत होती की रडत होती, ते वाऱ्यामुळे कळलं नाही. समुद्र निवळला की पहिल्या बोटीने येते, ती म्हणाली, पोरीलाही घेऊन येते, चांगली राहायला येते. गच्चीवर दोरी तयार ठेवा.

मग फोन कोणीतरी हिसकावून घेतल्यासारखा आवाज झाला आणि एका नव्याच, बारीक आवाजाने विचारलं, "तो पिवळा फ्रॉक माझा आहे का?"

आप्पांनी हातातल्या फ्रॉककडे पाहिलं. खळ गेली होती, बाह्या लोंबत होत्या, मिठाने कापड चरचरीत झालं होतं.

"तुझाच आहे," ते म्हणाले.

"वाळला का?"

"वाळतोय. तू ये. तोवर मी इस्त्री करून ठेवतो."

लाँड्रीच्या बाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून तो फ्रॉक घेतला आणि मीठ निघायला गोड्या पाण्यात घालायला हवा म्हणून खाली घेऊन गेल्या. आप्पा बराच वेळ फोनवर बोलत राहिले. पाणी कसं आहे तिकडे, हे विचारायचं मात्र त्या दिवशी राहूनच गेलं.